ठवकरचे पाच टक्के

ठवकरला रोख पैसे देताना मी कधी पाहिलं नाही. घेताना मात्र पुष्कळदा पाहिलं.

आमच्या कॉलेजात तो ऑफिस सुपरिंटेंडेंट होता. समोर त्याला ‘ठवकर साहेब’ म्हणावं लागे, कारण रजेचे अर्ज, पगारपत्रकं, कंत्राटी लोकांच्या नेमणुकांच्या फायली, सगळं त्याच्याच टेबलावरून पुढे जाई. इथे मी एकेरीवर येतो. बारा वर्षं तोंड आवरलं, तेवढं पुरे.

परीक्षेचं काम आटोपलं की आम्ही आठ-दहा जण सावजीकडे जेवायला जायचो. बिल आलं की ठवकर हात वर करायचा. “थांबा. खिशात हात घालू नका. मी देतो.” नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे! मग तो मोबाइल काढून माणशी किती ते काढायचा, भागाकार नेहमी वरच्या दहाला पूर्ण करायचा आणि एकेकाकडून नोटा गोळा करायचा. नोटा खिशात आणि बिल कार्डावर.

“तुमचं काय गेलं? तेवढेच दिले न तुम्ही?” तो म्हणायचा. “अन् मले पॉइंट भेटले. डोकं लागते गा याले.”

बरीच वर्षं मी समजत होतो की हा पॉइंटांचा हावरा आहे. पुढे कळलं की पॉइंट हे निमित्त होतं. त्याला त्या नोटा हव्या असायच्या. दुधवाला आणि किराणेवाला कार्ड घेत नसत, ते आमच्या नोटांवर भागायचे. जेवणाचं बिल कार्डावर जाऊन बसायचं आणि तिथे त्याला व्याज फुटायचं. म्हणजे आम्ही पैसे देऊन जेवलेलं मटण हा माणूस पुढे दोन वर्षं उधारीत फेडत असायचा, आणि वर आम्हालाच डोकं नाही म्हणायचा.

त्याच्याकडे सात कार्डं होती. टेबलाच्या काचेखाली लोक देवाचे फोटो ठेवतात, याने एक चिठ्ठी ठेवली होती: कुठल्या कार्डाची तारीख कुठली. पाच, नऊ, चौदा, अठरा, अशी. त्या-त्या तारखेला तो सकाळपासून मोबाइलवर बोटं फिरवत बसे. एका कार्डातून पैसे काढून दुसऱ्याचं भरणं, याला तो ‘रोटेशन’ म्हणे आणि हा शब्द उच्चारताना त्याची मान जरा ताठ होई. पूर्ण बिल तो कधीच भरत नसे. कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एक सगळी रक्कम आणि एक किमान रक्कम, म्हणजे सगळ्याच्या पाच टक्के. ठवकरला फक्त दुसरा आकडा दिसे.

“मिनिमम भरा, मॅक्सिमम जगा,” हे त्याचं वाक्य. निरोप समारंभाच्या भाषणातसुद्धा त्याने ते एकदा म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एकदा कॉलेजच्या कामासाठी तो, मी आणि आणखी दोघे दिल्लीला गेलो होतो. परतताना त्याने आम्हाला विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर नेलं. कशासाठी? तर तिथल्या खास खोलीत त्याच्या कार्डावर फुकट जेवायला मिळतं. त्याच्या तीन कार्डांवर त्याच्यासकट तीनच माणसं आत जाऊ शकत होती. चौथ्याने बाहेर खुर्चीवर बसून राहावं असं त्याने ठरवलं, आणि तो चौथा म्हणून आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीला, तात्पुरत्या लेक्चरर बाईंना, निवडलं. आत त्याने दोनदा पूर्ण जेवण केलं, मग गुलाबजाम, मग पुन्हा पुलाव. “दोन रुपये, सर,” तो मला बोटं दाखवून सांगत होता. “फक्त दोन रुपये कटतात.” कागदी रुमालात बांधून त्याने चार कटलेट बॅगेत घातले. मला वाटलं बाहेर बसलेल्या बाईंसाठी असतील. त्याने ते विमानात स्वतः खाल्ले.

त्यातल्या एकाच कार्डाची वार्षिक फी पाच हजार होती. त्या वर्षी तो विमानात बसला तो तेवढाच एकदा. मी संख्याशास्त्र शिकवतो, एवढा हिशेब मला तिथल्या तिथे जमला होता. पण मीसुद्धा दोन ढोकळे खाल्ले होते, तेव्हा बोललो नाही. ठवकरसमोर न बोलण्याची सवय मला अशी लहान लहान गोष्टींतून लागली.

आता सुनंदाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या लायब्ररीत होत्या, कंत्राटी. महिन्याला बावीस हजार, आणि दर अकरा महिन्यांनी नेमणुकीची फाइल नव्याने वर जायची, ठवकरच्या टेबलावरून. नवरा नव्हता. मुलगी नर्सिंगला होती. पुस्तकाच्या पाठीला चिकटवलेला नंबर उडाला असला तरी हे पुस्तक कुठल्या कपाटातलं ते त्या नुसतं हातात घेऊन सांगत.

त्या दिवशी मी लायब्ररीत पेपर वाचत होतो. ठवकर बँकेच्या एका टाय लावलेल्या तरुणाला घेऊन आला.

“सुनंदाबाई, तुमच्या नावावर एकही कर्ज नाही म्हणते हा. कोरी पाटी. बँक अशा माणसावर खुश असते.”

“मले काय करायचं साहेब कार्ड? मी उधार घेतच नाही कोणाकडून.”

“उधार नाही वं बाई, सोय आहे. तुम्ही वापरूच नका. मी वापरतो, मीच भरतो. माझे लिमिट जरा अडकून राहिले आहेत. तुम्हाले घरबसल्या पॉइंट.”

सुनंदाबाईंनी हातातलं पुस्तक काउंटरवर ठेवलं. मग म्हणाल्या, “साहेब, माझी फाइल गेली काय वर?”

“जाते न,” ठवकर हसला. “कार्ड येऊ द्या, फाइल बी जाते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपरचं पान उलटलं.

महिन्याभराने कार्ड आलं आणि ठवकरकडे गेलं. बँकेने एक लाख दहा हजारांचं लिमिट कशाच्या जोरावर दिलं ते बँकेलाच ठाऊक. तेव्हा ठवकरच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही सगळे गेलो होतो. बैठकीच्या खोलीत भिंतभर टीव्ही लागला होता, नवा एसी घरघरत होता. ठवकरच्या बायकोला मी त्याच दिवशी पहिल्यांदा भेटलो. कल्पनावहिनी. बारीक, कामाने वाळलेल्या, सतत पदर खोचणाऱ्या. सुनंदाबाई स्टीलचा डबा अहेर म्हणून घेऊन आल्या होत्या. त्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या.

“मोठा आहे न?” कल्पनावहिनी कौतुकाने म्हणाल्या. “यांनी बोनसमधून घेतला.”

“छान आहे,” सुनंदाबाई म्हणाल्या. खरेदीच्या वेळी मोबाइलवर आलेला नंबर त्यांनीच ठवकरला फोनवर वाचून दाखवला होता. मला हे नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी फक्त एवढंच पाहिलं की त्या जेवायला थांबल्या नाहीत.

तीन महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या. हातात बिलाचे कागद होते.

“सर, साहेबांनी तीन महिने भरले. पंधरा हजाराच्या वर भरले. एक लाख तीन हजार होते, ते अजून एक लाख कसे काय आहेत? बँक चुकली काय?”

बँक चुकली नव्हती. मी कागद घेतला. बाकी एक लाख तीनशे होती, वरचे तीनशे आम्ही सोडून दिले. साडेतीन टक्के महिन्याला, म्हणजे साडेतीन हजार व्याज. त्या व्याजावर अठरा टक्के कर, सहाशे तीस. एकूण चार हजार एकशे तीस. भरायची किमान रक्कम पाच हजार.

त्यांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि वजाबाकी स्वतः केली. “आठशे सत्तर. म्हणजे पाच हजार भरले की आठशे सत्तर कमी होतात?”

“हो.”

“अन् पुढच्या महिन्यात किती भरायचे?”

“उरलेल्याच्या पाच टक्के. चार हजार नऊशे छप्पन्न.”

“म्हणजे चव्वेचाळीस रुपये कमी.” त्या विचार करत होत्या. “हप्ता कमी झाला म्हणून माणूस खुश होते. अन् हप्ता कमी होते म्हणूनच कर्ज तिथंच राहते. मी पाच हजारच भरत राहिले तर, सर? ते कमी मागून राहिले तरी?”

मी गणित मांडलं. दर महिन्याला पुरे पाच हजार भरले तर चव्वेचाळीस महिन्यांत सगळं संपतं. बिलावर येईल तो कमी होत जाणारा आकडा भरला, तर त्याच चव्वेचाळीस महिन्यांनी अजून अडुसष्ट हजार बाकी राहतात.

त्यांनी अडुसष्ट हजाराखाली पेन्सिलीने रेघ ओढली. “अन् दोन वर्षांत मिटवायचं असलं तर?”

“सहा हजार सहाशे पन्नास. आणि त्या कार्डावर नवीन एक रुपयाही खर्च करायचा नाही.”

“पाच हजाराच्या वर सोळाशे पन्नास. बस?”

इतकी वर्षं वर्गात शिकवतो आहे, पण इतके नेमके प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. मी म्हटलं, “पतसंस्थेचं कर्ज मिळालं तर आणखी स्वस्त पडेल. तिथे महिन्याला एक टक्का. चार हजार सातशेत भागेल.”

“मी कंत्राटी आहे न सर. सभासद नाही.”

मी सभासद होतो. माझ्या नावावर एक लाख दोन दिवसांत मिळाले असते, आणि ही बाई एकही हप्ता चुकवणार नाही हे मला माहीत होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “मग सहा हजार सहाशे पन्नास.” ठवकरबद्दल मी इथे जे काही लिहितो आहे, ते वाचताना हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सगळे स्टाफरूममध्ये डबे खात असताना सुनंदाबाई आत आल्या. ठवकर खिडकीजवळ पाय पसरून बसला होता.

“साहेब, माझं कार्ड द्या.”

“काहून वं? काय झालं?”

“तुम्ही पाच हजार भरता, त्यातले एक्केचाळीसशे तीस व्याजात अन् टॅक्सात जातात. आठशे सत्तर फिटतात. मी मांडून पाहिलं. असं तुम्ही रिटायर झाले तरी मिटत नाही.”

ठवकरने आमच्याकडे बघून डोळा मारला. “मिनिमम भरून राहिलो न मी? तुम्ही डिफॉल्टर झाल्या काय? बँकेची तक्रार नाही, तुमची काहून?”

“बँकेले कशाची तक्रार राहीन, साहेब? तिचं तर चांगलं चालू आहे.” त्यांनी हातातला कागद त्याच्यासमोर धरला. “दर महिन्याच्या पाच तारखेले मले सहा हजार सहाशे पन्नास पाहिजेत. चोवीस महिने. बँकेत मीच भरीन. अन् कार्ड येऊन तीन महिने उलटले तरी माझी फाइल तुमच्या टेबलावरच पडून आहे. ती आजच वर पाठवा. सगळ्यांसमोर सांगून राहिली मी.”

ठवकरने चौफेर पाहिलं, हसणारं कोणी सापडलं नाही, तेव्हा त्याने शर्टाच्या खिशातून कार्ड काढून टेबलावर टाकलं. “घ्या बाप्पा. उपकार करायचा जमानाच नाही राह्यला.” फाइल त्याच संध्याकाळी गेली.

त्याने दोन महिने पैसे दिले, दोन्ही वेळा उशिरा. मग त्याचं ते रोटेशन अडलं. एका कार्डाने लिमिट कमी केलं आणि त्याच्यावर टेकलेली बाकीची एकामागून एक घसरली. वसुलीचे फोन सुरू झाले. पहिला फोन मला आला. सात कार्डांपैकी चारांच्या अर्जावर ठवकरने ओळखीचा माणूस म्हणून माझा नंबर दिला होता, मला न विचारता. पुढे वसुलीची माणसं कॉलेजात येऊ लागली. दोघे असायचे, सभ्य बोलायचे आणि उठायचे नाहीत. ते आले की ठवकर जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घ्यायचा. एकदा तो तिथे साडेतीन तास होता. बाहेर आला तेव्हा अंगभर धूळ होती आणि तो शिपायाला म्हणाला, “ही खोली झाडत जा गा कधी. किती घाण करून ठेवली.”

वर्ष संपायच्या आत त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभाला त्यानेच नको म्हटलं. जाताना सुनंदाबाईंच्या काउंटरवर थांबला. मला वाटलं, काही बोलेल. त्याने ‘नो ड्यूज’च्या फॉर्मवर लायब्ररीची सही मागितली. त्याच्याकडे लायब्ररीचं एकही पुस्तक बाकी नव्हतं, तेव्हा सुनंदाबाईंनी सही केली.

उरलेले बावीस महिने त्यांनी एकटीने भरले. तक्रार कुठे करणार? कार्ड त्यांच्या नावावर, नंबर त्यांनीच वाचून दाखवलेला. त्या रविवारी एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या कामाला जाऊ लागल्या. मुलीने मेस सोडली आणि दोन वर्षं डबा नेला. फिटायला आलं त्या महिन्यात सुनंदाबाई मला म्हणाल्या, “सर, आता शेवटचा हप्ता दीडशे रुपये कमी येते म्हणते. तुम्ही काढलेला आकडा थोडा जास्त होता.” तो मी दहाला पूर्ण केला होता. मला एकदम ठवकरचा भागाकार आठवला.

त्यानंतर ठवकर मला एकदाच दिसला. यंदा मिरचीच्या दिवसांत मी कळमन्याच्या बाजारात गेलो होतो. वर्षाची भिवापुरी मिरची मी तिथूनच एका ओळखीच्या अडत्याकडून घेतो. ढिगापाशी कल्पनावहिनी मिरच्या मोडून वास घेत होत्या, आणि मागे ठवकर उभा होता. केस काळे केलेले, पोट थोडं उतरलेलं.

“अरे, सर!” तो मोठ्याने म्हणाला. “कुठं राहता आजकाल?” मी काही विचारलं नसताना त्याने पाच मिनिटांत सगळं सांगितलं. बँकांशी त्याने तडजोड केली होती. शंभरातले तीस-पस्तीस दिले, बाकी सोडायला लावले. “रडले सर ते लोक, रडले. म्हटलं घ्यायचे तर घ्या, नाही तर कोर्टात या.” तो खुशीत हसला. फंडाचे पैसे त्यात गेले, घर भाड्याचं झालं, हे त्याने सांगितलं नाही. ते मला आधीच माहीत होतं.

मग म्हणाला, “अन् सुनंदाबाई कशी आहे? तिचं फिटलं म्हणे सगळं. पाहा, माझ्यामुळे हिशेब शिकली बाई. नाही तर तिले व्याज काय असते हेच माहीत नव्हतं.”

वहिनींचा हात मिरच्यांवर थांबला. “कोणाचं फिटलं? काय फिटलं?”

“काही नाही वं, ऑफिसचं आहे.”

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “सर, त्या लायब्ररीतल्या बाईचं काय होतं?”

या वेळी उलटायला माझ्या हातात पेपर नव्हता. मी सांगितलं. टीव्ही, एसी, कार्ड, दोन हप्ते. उरलेले बावीस, एक लाख सेहेचाळीस हजार. तिथे उभ्या उभ्या, ढिगाच्या ठसक्यात, दोन मिनिटांत सांगून झालं.

निवडून पिशवीत घातलेल्या मिरच्या वहिनींनी परत ढिगावर ओतल्या. कमरेची थैली सोडली, त्यात पाचशेच्या सहा नोटा होत्या. त्या माझ्या हातात दिल्या. “तिले द्या. बाकीचं मी पाहते. कॉलेजात येईन.”

“वहिनी, त्यांनी मागितले नाहीत,” मी म्हणालो.

“म्हणूनच तर.”

ठवकर पुढे आला. मला वाटलं, आता हा ओरडेल, नोटा हिसकावेल किंवा निदान मान खाली घालेल.

“सरांकडून लिहून घे,” तो म्हणाला.

“काय?”

“पैसे दिल्याचं. उद्या ती बाई म्हणेल भेटलेच नाही, मग?” आणि मला म्हणाला, “तुमच्यावर भरोसा आहे सर, पण व्यवहार म्हणजे व्यवहार.”

अडत्याने पेन पुढे केलं. मी त्याच्या वजनाच्या चिठ्ठीमागे लिहिलं की श्रीमती कल्पना ठवकर यांच्याकडून सुनंदाबाईंना देण्यासाठी तीन हजार रुपये मिळाले, आणि खाली सही केली. ठवकरने कागद उजेडात धरून दोनदा वाचला.

“तारीख टाका, सर.”

मी तारीख टाकली. त्याने कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली आणि वरून हात फिरवून पाहिला. तोवर कल्पनावहिनी रिकामी पिशवी घेऊन फाटकापर्यंत पोचल्या होत्या.